‘फक्त स्वतःची गाणी’? आयोजकांना कन्सोलमागून एक पत्र

माननीय आयोजक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या रॉक महोत्सवाचं तुमचं परिपत्रक वाचलं. ते बँडसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. पण साउंडवाल्याकडे सगळे कागद फिरून फिरून येतातच. वेळापत्रक, ड्रम रायझरची (ड्रम ठेवायच्या चौथऱ्याची) मापं, जनरेटरच्या वेळा, सगळं ठीक. सहाव्या कलमापाशी मात्र अडखळलो. ‘यंदापासून मंचावर फक्त स्वतःची गाणी सादर करावीत. कव्हर वाजवणाऱ्या बँडचा पुढील वर्षी विचार होणार नाही.’ कव्हर म्हणजे दुसऱ्याचं आधीचं गाणं आपल्या पद्धतीनं वाजवणं. कारण एका शब्दात दिलंय: दर्जा.

हे पत्र खुलं लिहितोय ते अशासाठी, की समोर बसून बोललो असतो तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात, आणि ‘बघू’चा अर्थ आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे.

मंचासमोर, गर्दीच्या मधोमध, लोखंडी कठड्याच्या आत, कन्सोलवर म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलावर, जो माणूस मान खाली घालून बसलेला असतो, तो मी. बँडला मी दिसत नाही, कारण दिवे त्यांच्या डोळ्यांवर असतात. आणि मला प्रेक्षकांचे चेहरे दिसत नाहीत. मला दिसतात पाठी. इतकी वर्षं पाठी बघून बघून आता त्या वाचता येतात.

नव्या बँडचं चौथं नवं गाणं चालू असतं तेव्हा पाठी सैल पडलेल्या असतात. माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतात. कोणी पाणी आणायला निघतं. अंधारात फोनचे निळे चौकोन उगवायला लागले की समजायचं, गाणं हातातून चाललं. गाणं वाईटच असतं असं नाही. कधी कधी ते फार चांगलं असतं, साउंडचेकला ऐकून मी मनातल्या मनात दाद दिलेली असते. पण पहिल्यांदा ऐकणारा माणूस शब्द, चाल, ठेका सगळं एकदम गोळा करत असतो, आणि तेही छातीत बास घुसत असताना. दमतो बिचारा.

मग गिटारवाला एक रिफ, म्हणजे गाण्याची ओळख पटवणारी छोटी सुरावट, काढतो. दोन सूर, तीन सूर. आणि पाठी सरळ होतात. अजून कोणी ओरडलेलं नसतं, ते नंतर. आधी काय होतं, तर माणूस शेजारच्याकडे बघतो. शेजारचा अगदी अनोळखी असला तरी बघतो. मला जे ऐकू आलं तेच तुलाही आलं ना, एवढंच विचारायचं असतं. त्या दोन-तीन सेकंदांत मी फेडरवरचे, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळांवरचे, हात काढून घेतो. तिथे मी काही करण्यासारखं नसतं.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली लोकांना त्यांच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूत काय घडतं ते तपासलं. तो काटा आणणारा क्षण यायच्या आधी, नुसती त्याची चाहूल लागल्यावरच, डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन वाढायला सुरुवात झालेली होती. चाहूल लागायला पुढे काय येणार ते ठाऊक असावं लागतं. बँडच्या स्वतःच्या नव्या गाण्यात ती सोय नाही. त्यात बँडचा दोष नाही, पण सोय नाही हे खरं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे हे सगळं ओळखीचंच कौतुक. ओळखीचं ऐकायचं तर घरी बसून मूळ रेकॉर्ड ऐकावी, इतक्या लांब येऊन उभं कशाला राहायचं?

इथेच आपलं जमत नाही. अनोळखी गाण्यात लोक गाणं ऐकतात. ओळखीच्या गाण्यात लोक बँड ऐकतात. चाल पाठ असते, शब्द पाठ असतात, त्यामुळे कान मोकळे होतात. ड्रमर ठेका किंचित मागे ओढतोय, गायिकेनं दुसऱ्या कडव्यात वरचा सूर न घेता खालून वळण घेतलं, गिटारवाल्यानं मूळचा सोलो टाकून देऊन चारच सूर ठेवले, हे सगळं ऐकू येतं, कारण ताडून बघायला मूळ गाणं प्रत्येकाच्या डोक्यात वाजत असतं. बँडची स्वतःची अशी काही चाल-ढाल आहे की नाही, हे मला तरी त्यांच्या स्वतःच्या गाण्यांपेक्षा कव्हरमध्ये लवकर कळतं. दर्जा तपासायचा असेल तर तुम्ही नेमकी मोजपट्टीच फेकून दिलीत.

एक उदाहरण देतो, जुनं आहे पण झकास आहे. १९६७ साली बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बममध्ये रिंगो स्टारनं गायलेलं एक हलकंफुलकं गाणं होतं, मित्रांच्या थोड्याशा मदतीनं निभावून नेण्याबद्दलचं. रिंगोचा आवाज साधा, गाणं मान डोलवत म्हणण्याजोगं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६९मध्ये, अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाच्या मंचावर जो कॉकरनं तेच गाणं घेतलं आणि त्याचा वेग निम्म्यावर आणला. चारचा ठेका काढून तिनाच्या झोक्यावर टाकला, ऑर्गन पसरला, आणि मग घशाच्या तळातून अशी किंकाळी काढली की मूळ गाण्यातली गंमत जाऊन तिथे गरज उभी राहिली. शब्द तेच. रिंगोला मदत मिळाली तर बरं होईल. कॉकरला मिळाली नाही तर तो तिथेच कोसळेल, असं वाटतं. हे ऐकणाऱ्याला उमगलं ते मूळ गाणं माहीत होतं म्हणूनच. कॉकरनं त्या दिवशी कितीही चांगलं नवं गाणं म्हटलं असतं, तरी हा धक्का बसला नसता. धक्का बसायला आधी काहीतरी जागेवर असावं लागतं.

त्याच अल्बमचा आणखी एक किस्सा. तो ब्रिटनमध्ये बाजारात यायची अधिकृत तारीख १ जून १९६७. ४ जूनला लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये जिमी हेंड्रिक्सनं आपल्या शोची सुरुवातच त्याच्या शीर्षकगीतानं केली. प्रेक्षकांत पॉल मॅकार्टनी बसलेला. जिथे लोकांची रेकॉर्ड अजून धड ऐकून झाली नव्हती तिथे या माणसानं गाणं बसवून, आपलं करून, मूळ कर्त्याच्या तोंडावर वाजवून दाखवलं. मॅकार्टनी पुढे कित्येक वर्षं स्वतःच्या कॉन्सर्टमध्ये हा किस्सा सांगत आला. स्वतःच्या गाण्याला मिळालेली सलामी होती ती. बक्षिसांपेक्षा तीच त्याच्या जास्त लक्षात राहिलेली दिसते.

हेंड्रिक्सनं बॉब डिलनच्या टेहळणी बुरुजाच्या गाण्याचं काय केलं हे तर सगळ्यांना माहीत आहे. डिलननं ते १९६७ साली गिटार, माउथ ऑर्गन आणि जेमतेम बास-ड्रमवर, अगदी कोरडं, म्हटलं होतं. हेंड्रिक्सनं पुढच्याच वर्षी त्यात वादळ सोडलं. आणि नंतर डिलन स्वतः ते मंचावर वाजवू लागला तेव्हा हेंड्रिक्सच्या वळणानं वाजवू लागला. गाणं उसनं गेलं आणि मुद्दल-व्याजासकट परत आलं. डिलननं मंचावर सगळ्यांत जास्त वेळा म्हटलेलं गाणं तेच आहे. दोन हजारांहून अधिक वेळा.

आता ‘दर्जा’ या शब्दाकडे येतो, कारण तो मला झोंबलाय.

२९ ऑगस्ट १९६६. सॅन फ्रान्सिस्कोतलं कँडलस्टिक पार्क. बीटल्सची तिकीट लावून केलेली शेवटची कॉन्सर्ट. अकरा गाणी. पहिलं गाणं चक बेरीचं, शेवटचं लिटल रिचर्डचं. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम आला होता, ज्याची आजही थोरवी गातात, आणि त्यातलं एकही गाणं त्या रात्री वाजलं नाही. लेनन-मॅकार्टनी या जोडीकडे स्वतःच्या गाण्यांचा तोटा होता असं तुम्हीही म्हणणार नाही. तरी त्यांनी निरोप घेतला तो लहानपणी ज्या आवाजानं झपाटलं होतं त्याच्या गाण्यानं. तुमचं सहावं कलम लावलं तर बीटल्सचा पुढच्या वर्षी विचार होणार नाही. (तसेही ते पुढच्या वर्षी येणार नव्हते, पण ते वेगळं.)

‘द हू’ या बँडचा लीड्स विद्यापीठातला १४ फेब्रुवारी १९७०चा शो रेकॉर्डवर निघाला. थेट कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणांत तो आजही वरच्या नावांत धरतात. मूळ रेकॉर्डवर सहा गाणी होती. त्यांतली तीन दुसऱ्यांची: मोझ ॲलिसनचं, एडी कॉक्रनचं आणि जॉनी किडचं. निम्मी! ॲलिसनचं गाणं मुळात पियानोवरचं, मिनिट-दीड मिनिटाचं, जॅझ-ब्लूजच्या अंगाचं, ओठांच्या कोपऱ्यातून म्हटलेलं. ‘द हू’नी त्यातल्या ओळीओळींमध्ये पूर्ण शांतता ठेवली आणि प्रत्येक शांततेनंतर तिघांनी मिळून घाव घातला. मी नवीन स्पीकर लावले की अजूनही तेच आधी वाजवून बघतो. शांततेत पीए, म्हणजे मैदानाला ऐकवणारी स्पीकरची यंत्रणा, गुणगुणतोय का ते त्यात लगेच कळतं.

आणि निर्वाणा हा अमेरिकन बँड. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क, टीव्हीसाठी चित्रित झालेला अनप्लग्ड, म्हणजे साध्या वाद्यांवरचा, कार्यक्रम. चौदा गाणी, त्यांतली सहा कव्हर. ज्या गाण्यानं त्यांना जगभर नेलं ते त्यांनी वाजवलंच नाही. त्याऐवजी डेव्हिड बोवीचं एक, ‘व्हॅसलिन्स’चं एक, आणि ‘मीट पपेट्स’ या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बँडची तीन, तीही त्या बँडच्या दोघा भावांना शेजारी बसवून. शेवटी लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाच्या वळणाचं एक जुनं लोकगीत. त्या गाण्यात एक जागा आहे. शेवटची ओळ अर्धी म्हणून झाल्यावर निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन थांबतो, डोळे उघडतो, एक श्वास घेतो. मग उरलेली ओळ पुरी करतो. तेवढा श्वास ऐकायला मी हेडफोन लावून कितीतरी वेळा ते चित्रण बघितलंय. त्या श्वासावर मूळ गाण्याच्या कर्त्याचा हक्क नाही. तो श्वास कोबेनचा. शंभर वर्षांहून जुनं, कोणी रचलं तेही न कळणारं गाणं, आणि त्यातली सगळ्यांत स्वतःची गोष्ट त्या न गायलेल्या जागेत.

बोवीच्या गाण्याचं पुढे असं झालं, की बोवी स्वतः ते मंचावर म्हणायला लागला की पोरं येऊन म्हणायची, निर्वाणाचं गाणं घेतलंत, छान केलंत. बोवीनंच हे सांगून ठेवलंय, थोडं वैतागून, थोडं हसून.

इतकी मोठी नावं घेतली म्हणून तुम्ही म्हणाल, हे सगळे देव झाले, आपल्या मंचावर येतात ती कालपरवा गिटार हातात घेतलेली पोरं. मान्य. मग पोरांचंच सांगतो.

काही वर्षांपूर्वीचा एक शो. कुठला ते राहू द्या, चूक कोणाची होती ते अजून ठरलेलं नाही. चार जणांचा नवा बँड, दुसऱ्याच गाण्याच्या मध्यात मंचाची विजेची डावी लाइन गेली. गिटारचे दोन्ही अँप मेले, बास मेला. माइक आणि पीए दुसऱ्या लाइनवर होते म्हणून जिवंत. गायक पोरगा माइक धरून तसाच उभा. त्याचं तोंड उघडं, आणि मला हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येतोय. इलेक्ट्रिशियन टॉर्च घेऊन धावतोय. अशा वेळी दहा सेकंद म्हणजे फार असतात. वीस सेकंदांनी शिट्ट्या सुरू होतात.

ड्रमरनं डोकं चालवलं. दोन ठोके बासड्रम या मोठ्या ड्रमचे, एक स्नेअर या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा. पुन्हा दोन, पुन्हा एक. क्वीनचं १९७७चं ते गाणं मुळात लोकांनी पाय आणि टाळ्यांनी म्हणावं म्हणूनच रचलेलं; गिटार त्यात अगदी शेवटी येते, तोवर तिची गरजच नाही. तिसऱ्या फेरीला सगळं मैदान पाय आपटत होतं. माझं टेबल हलत होतं, त्यावरचा पाण्याचा ग्लास सरकत सरकत कडेला आला. गायक पोरानं पहिलं कडवं म्हटलं, पुढचं त्याला येत नव्हतं, ते लोकांनी म्हटलं. वीज काही शेवटच्या सोलोला नाटकीपणे परत आली नाही. गाणं संपलं, टाळ्या विरल्या, आणि मग आरामात आली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यानंतर त्यांनी स्वतःचं तिसरं गाणं घेतलं. नवं कोरं, कोणी न ऐकलेलं. आणि पाठी सरळच राहिल्या. निळे चौकोन उगवले नाहीत. पाच मिनिटांपूर्वी ज्यांच्याबरोबर आपण गायलो त्यांचं म्हणणं आता नीट ऐकून घ्यायचं, असं काहीसं लोकांच्या मनात झालं असावं. हे मी त्यानंतर अनेकदा पाहिलंय, वीज न जाताही. सेटमध्ये, म्हणजे एका बँडच्या सलग गाण्यांत, कव्हर कुठे ठेवायचं हे ज्या बँडला कळतं तो आपलं सगळ्यांत अवघड गाणं त्याच्या लगेच नंतर लावतो. तुम्हाला नव्या गाण्यांना श्रोते मिळवून द्यायचेत ना? मग दार बंद करून कसे मिळतील?

आता तुमच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं.

कव्हर या शब्दाचा इतिहास काही फार स्वच्छ नाही. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत एखाद्या छोट्या कंपनीची, बहुधा काळ्या गायकाची, रेकॉर्ड चालायला लागली की मोठी कंपनी तेच गाणं आपल्या गोऱ्या गायकाकडून घाईघाईनं गाऊन घ्यायची. लिटल रिचर्डनं १९५५मध्ये ज्या आरोळीनं जग हलवलं, तेच गाणं पॅट बूननं पुढच्या वर्षी इस्त्री करून म्हटलं, आणि विक्रीच्या यादीत ते रिचर्डच्या मूळ गाण्याच्या वर जाऊन बसलं. दोन्ही लागोपाठ ऐका, चीड येईल. ते आदरापोटी नव्हतं, धंद्यापोटी होतं. तुमच्या मनात कव्हरबद्दल जो संशय आहे त्याचं मूळ तिथे कुठेतरी असेल तर त्यात गैर काही नाही.

पण मंचावरच्या कव्हरमध्ये ही चोरी करता येत नाही. समोर हजार माणसं उभी असतात ज्यांना गाणं कोणाचं ते माहीत असतं. उलट ‘स्वतःचं’ म्हणून खपवलेल्या गाण्यात मात्र ती सहज करता येते. लेड झेपेलिनचं सगळ्यांत गाजलेलं एक गाणं रेकॉर्डवर त्यांच्याच नावानं होतं. त्यातल्या ओळी विली डिक्सननं मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या १९६२च्या गाण्यातून आल्या होत्या. डिक्सनला १९८५मध्ये कोर्टात जावं लागलं, १९८७मध्ये तडजोड झाली. तुमचं सहावं कलम झेपेलिनला आत सोडतं आणि ‘हे डिक्सनचं गाणं’ असं सांगून वाजवणाऱ्याला बाहेर ठेवतं. याला दर्जा म्हणायचं की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

पैशाचीही भीती असावी, परिपत्रकात लिहिली नसली तरी. परवानगी, रॉयल्टी, कोणीतरी नोटीस पाठवेल. याचं उत्तर फार जुनं आहे. १८४७ साली पॅरिसच्या एका संगीत-कॅफेत अर्नेस्ट बुर्जे नावाचा गीतकार बसला होता, दोन संगीतकार मित्रांबरोबर. त्यांचीच गाणी तिथे वाजत होती आणि त्यांना दमडी मिळत नव्हती. त्यांनी बिल द्यायला नकार दिला: तुम्ही आमच्या गाण्याचे पैसे देत नाही, आम्ही तुमच्या पेयांचे देत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, गीतकाराची बाजू टिकली, आणि १८५१मध्ये गाण्यांच्या कर्त्यांच्या वतीनं पैसे गोळा करणारी पहिली संस्था उभी राहिली. आज बहुतेक देशांत अशी संस्था आहे. सर्वसाधारण रीत अशी, की सभागृह किंवा आयोजक सादरीकरणाचा परवाना घेतात, शोनंतर कोणती गाणी वाजली त्याची यादी देतात, आणि ठरल्या हिशेबानं पैसे मूळ गीतकार-संगीतकारापर्यंत पोचतात. बँडनं प्रत्येक गाण्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको. म्हणजे कव्हर वाजलं की मूळ कर्त्याचं नुकसान होत नाही, यादी नीट भरली तर त्याला चार पैसे मिळतात. ते काम कागदाचं आहे, आणि कागद तुमच्याकडे आहेत.

वाईट कव्हर असतात का? अहो, ढिगानं असतात. माझ्याइतकी कोणी ऐकली नसतील. दोन प्रकार मला मुळीच सोसत नाहीत. एक झेरॉक्स: मूळ सोलोतला सूर न् सूर तोच, पेडलही तेच, टोपीसुद्धा तीच. नोट चुकली नाही एवढंच समाधान. दुसरा त्याहून वाईट, थट्टेचा: एखादं लोकप्रिय, पोरीबाळींना आवडणारं गाणं घ्यायचं आणि डोळा मारत, आम्ही याच्या वरचे आहोत असं दाखवत वाजवायचं. लोक हसतात, मग तिसऱ्या ओळीला खरोखर गायला लागतात, कारण गाणं चांगलं असतं. आणि मग बँडच मूर्ख दिसतो.

याच्या उलट टोकाची एक गोष्ट. मार्च २०१४मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन ऑकलंडला होता. वय चौसष्ट. त्यानं शो सुरू केला तो लॉर्ड या तिथल्याच सतरा वर्षांच्या मुलीच्या गाण्यानं, एकट्यानं, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन. राजेशाही थाट आपल्या नशिबी नाही असं सांगणारं ते गाणं एका पोरीनं नुकतंच लिहिलेलं, आणि हा जन्मभर कामगारांची गाणी लिहिणारा म्हातारा ते इतक्या गांभीर्यानं म्हणतोय की ते त्याच्याच वहीतलं वाटावं. थट्टा कुठेच नाही. पाहुण्यानं यजमानाचं गाणं शिकून यावं, यात एक अदब आहे.

क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीनं तर परक्या भाषेत हे केलं. २७ जुलै १९८६, बुडापेस्टचं स्टेडियम, पोलादी पडद्यापलीकडचा देश. मध्येच तो आणि गिटारवाला ब्रायन मे पुढे येऊन बसले आणि फ्रेडीनं वसंतातल्या वाऱ्याचं एक हंगेरियन लोकगीत सुरू केलं. भाषा येत नव्हती. शब्द तळहातावर लिहून आणले होते. चित्रणात दिसतं: तो गाता गाता हातात बघतो, लपवत नाही. आणि स्टेडियमचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. मेटालिका या बँडच्या कर्क हॅमेट आणि रॉबर्ट ट्रुहियो यांनी पुढे हीच प्रथा धरली. २०१८मध्ये प्रागला त्यांनी दलदलीतल्या बागुलबुवाचं एक चेक गमतीगाणं वाजवलं. उच्चार भयानक, ताल जेमतेम. लोकांनी पुरं गाणं स्वतःच म्हणून टाकलं.

या सगळ्यात मला जे दिसतं ते असं. एरवी मंच उंचावर असतो आणि बँड तिथून खाली काहीतरी देत असतो. कव्हरच्या साडेतीन मिनिटांत बँडही श्रोता असतो. तोही कधीतरी अंधाऱ्या खोलीत हे गाणं ऐकून वेडा झालेला होता, समोरच्या पोरासारखाच. मंचाची उंची तेवढ्यापुरती जाते. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगला तर हे दोन्ही बाजूंनी अनुभवायला मिळालं. जून १९६७, कॅलिफोर्नियातला माँटेरे महोत्सव: त्यानं आपलंच १९६५चं गाणं घेतलं आणि एका मुलीनं हे आपल्याकडून पळवलं असं हसत हसत सांगितलं. ती मुलगी म्हणजे अरेथा फ्रँकलिन, त्याच वर्षी तिनं ते गाऊन आपलं करून टाकलं होतं. आणि त्याच सेटमध्ये ओटिसनं रोलिंग स्टोन्सचं गाणं असं म्हटलं की स्टोन्सनी ते त्याच्याकडून घेतलं असावं असं वाटावं.

आता मागणं. सहावं कलम काढा. एकदम काढणं जड जात असेल तर त्याच्या जागी एवढंच लिहा, की दर सेटमध्ये निदान निम्मी गाणी स्वतःची असावीत, कव्हर किती घ्यायची ते बँडनं ठरवावं. अर्जाच्या दुसऱ्या पानावर गाण्यांच्या नावांसाठी जो तक्ता आहे त्यात आणखी एक रकाना वाढवा: मूळ गीतकार आणि संगीतकार. तोच कागद शोनंतर परवाना देणाऱ्या संस्थेला पाठवता येईल. आणि निवेदकाला सांगा, गाणं संपल्यावर मूळ कर्त्याचं नाव घ्यायचं. संपल्यावर. आधी नाही, नाहीतर त्या दोन-तीन सेकंदांची माती होईल.

निर्णय काय होईल तो बँडना लवकर कळवा. यंदाच्या तीन बँडनी मला आधीच गुपचूप विचारलंय की कव्हरसाठी कीबोर्डची एक जास्तीची लाइन मिळेल का. मी हो म्हणून बसलोय. स्टेज बॉक्सवरचे (मंचावरच्या तारा जिथे जोडतात त्या पेटीवरचे) तेवीस आणि चोवीस हे चॅनेल मोकळे ठेवलेत.

आपला,
कन्सोलमागचा माणूस